फिलोफ्तेयाने स्वतःचे दिवस घातले

आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात माणूस जिवंतपणीच स्वतःचे दिवस घालतो. इथे जे द्याल ते वर मिळतं, म्हणून वाडगे, टॉवेल, खुर्च्या शेजाऱ्यांना वाटायच्या. माझ्या आजोबांनी तर पुनःपुन्हा घातले, दर वेळी म्हणायचे, वाइन कमी पडली! पण सांगतोय ते शेजारच्या फिलोफ्तेयाचं.

ती मासेमारीची जाळी विणते. एचआयव्ही तिला लहानपणापासूनच. नवरा गेल्यावर तिने गोळ्या सोडल्या, मग ताप, खोकला, अंगाची पार काडी. मी तिला शहरात नेलं. शिरेतून औषध सोडून छातीचा सीटी स्कॅन काढला. डॉक्टर झाम्फिराबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "श्वासनळीजवळच्या या गाठी सुजल्यात. प्रतिकारशक्ती इतकी खालावली की क्षय होतो, नाहीतर गाठींचा कॅन्सर. कडा उजळ, मधे काळं, म्हणजे मला क्षय वाटतो. पण सुईने तपासल्याशिवाय सांगणार नाही."

सुई टोचून घेतली खरी, पण फिलोफ्तेयाच्या कानात शिरला तो एकच शब्द, कॅन्सर. रविवारी हिने अंगणात टेबलं मांडली!

"अगं, निकाल तरी येऊ दे," मी म्हणालो.

"निकाल वर ऐकेन, काका. तिथे जेवायला वाडगा नको?"

इतकी वर्षं आजाराच्या धास्तीने तिच्या हातचं पाणीही न पिणारी शेजारीण वेता सगळ्यांच्या आधी पुढे झाली. वाडगा घेतला, मेणबत्ती लावली आणि माशाचं सूप तिथेच भुरकलं.

"मीठ कमी पडलंय गं."

"वर ये, तिथे घालते!"

अख्खं अंगण हसलं. त्या दोघी मात्र डोळे पुसत होत्या.

पुढच्या आठवड्यात फोन आला. क्षयच, बरा होणारा! आता आली का पंचाईत? घरात चमचा उरला नव्हता आणि दिलेलं परत घेतलं तर वर हात रिकामे. मग बाईसाहेब रोज वेताकडे जेवायला.

"मेली तर नाहीच, वर माझ्या चुलीवर राज्य!" वेता करवादायची आणि दुप्पट वाढायची.

आधी क्षयाच्या गोळ्या, मागोमाग एचआयव्हीच्या जुन्याही सुरू झाल्या. उन्हाळ्यात पुन्हा सीटी काढला. बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. नव्यात गाठी शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

"आता गोळ्या सोडू नकोस."

"नाही सोडत, बाई," फिलोफ्तेया म्हणाली आणि खुर्चीवर बसून पोटभर हसली. खोकला काही आला नाही.