पंच्याण्णव मिनिटं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या वर्गाला पहिल्याच तासाला कळायचं. पण माझ्यासारखं नियोजन अख्ख्या शाळेत कुणाचं नसायचं, हेही तितकंच खरं. आखीव रकाने, तांबड्या शाईनं तारखा, कुठं खाडाखोड नाही. त्या कागदांचा मला फार गर्व होता.

मी गणित शिकवायचे. राहायला कोल्हापुरात आणि शाळा राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात. रोज एसटीनं जाऊन-येऊन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी शेवटी यायची, आणि शेवटच्या धड्याचे कायमच हाल. सहल, खेळ, स्नेहसंमेलन, सगळ्यांनी तास खाल्ले की उरलंसुरलं सांख्यिकीला. त्या वर्षी मी म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, जानेवारी अख्खा हिचाच. पहिल्या आठवड्यात सरासरी, दुसऱ्यात मध्यक, तिसऱ्यात बहुलक आणि आलेख, चौथ्यात उजळणी आणि पालकभेटी. त्याखेरीज महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते सहा जादा तास. मुख्याध्यापकांनी तो कागद सगळ्यांसमोर धरला. "नियोजन असं पाहिजे," म्हणाले. मग काय विचारता! दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

जादा तास जाहीर केले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. शेवटच्या बाकावर बसायची. वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेच्या वाडीवरून आमच्याकडे येणारी ती एकटीच. गणितात हुशार, बोलायला मात्र जीव जायचा तिचा.

"बाई, जादा तास सकाळी घ्या की. सांजचं घरला जाईस्तवर अंधार हुतोय."

"तुझ्या एकटीसाठी सगळा वर्ग हलवू काय गं?" मी फाडकन म्हटलं. "आणि सकाळची मला गाडी नाही."

"व्हय, बाई," म्हणाली आणि गेली.

पहिल्याच आठवड्यात सरासरी शिकवायला मी दहा मुलांना उभं केलं. पुस्तकातली तीच ती धावांची उदाहरणं मला नको होती. म्हटलं, घरापासून शाळेत यायला किती मिनिटं लागतात ते सांगा. पाच, दहा, बारा, पंधरा, दहा, वीस, आठ, तेरा, पंधरा. गावातलीच पोरं सगळी. दहावी ती होती. "पंच्याण्णव," म्हणाली. वर्गात खसखस पिकली.

बेरीज दोनशे तीन, सरासरी वीस पूर्णांक तीन. आता पंचाईत बघा. नऊ पोरांपैकी कुणालाच विसापेक्षा जास्त लागत नव्हतं आणि सरासरी विसाच्या वर! एखादा आकडा असा टोकाचा असला की सरासरी फसवते, तिथं मध्यक घ्यायचा, हे मला सांगता आलं असतं. पण मध्यक माझ्या कागदावर दुसऱ्या आठवड्यात होता. मी खडू घेतला आणि पंच्याण्णवावर काट मारली.

"हा आकडा बाजूला ठेवू. एकटा सगळ्यांची सरासरी बिघडवतोय."

एकशे आठ भागिले नऊ, बरोबर बारा. पोरांनी वहीत उतरून घेतलं. तिनंही घेतलं. तो आकडा मी स्वतः फळ्यावर लिहिला होता. सहाला सुटलेली पोरगी पंच्याण्णव मिनिटं चालली तर घरी कधी पोचते, हे गणित चौथीच्या मुलालाही आलं असतं. गणिताच्या बाईंना आलं नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापासून ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, आकडा खोडला म्हणून फुगली असेल. हजेरी घेताना मी भर वर्गात म्हटलंसुद्धा, "ऐन दहावीत बुट्ट्या मारा आणि मग रडा नशिबाच्या नावानं." तिसऱ्या आठवड्यात आमचे शिपाईमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, वरल्या वाडीत गव्यानं एकाला उडवलं म्हणं." मी "अरे बापरे" म्हटलं आणि वह्या तपासत बसले. पालकभेटी चौथ्या आठवड्यात होत्या ना!

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मामांना सोबत घेऊन तिच्या वाडीकडं निघाले. ओढा ओलांडला की नुसता चढ, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. मी तीनदा बसले. वाटेत शेण पडलेलं दिसलं. मामा म्हणाले, "म्हशीचं न्हवं हे, बाई. गव्याचं. दिवस बुडला की रोज उतरत्यात हितनं." मला पोचायला सव्वादोन तास लागले.

सोप्यात तिचे वडील पडून होते. छातीला पट्टे आवळलेले, कूस बदलायची तरी कुणीतरी धरायला लागत होतं. मला बघून उठायची धडपड करायला लागले.

"कधी झालं हो हे?"

"भोगी दिवशी. पोरीला आणाय रोज वड्यापातुर येत हुतो म्या. त्या दिवशी गवा वाटंतच उभा. हिला झाडाआड ढकलली, तवर माझ्या अंगावर आला. बरगड्या मोडल्या." दम घेऊन म्हणाले, "म्या म्हणत हुतो, जादा तासाला बसू नगंस. तर म्हणायची, बाईंचा तास बुडवायचा न्हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो हवा होता. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात ती गोठ्यातून आली, शेणाचे हात पाठीमागं लपवत. मी घाईघाईनं बोलायला लागले. परीक्षेपर्यंत माझ्याकडं राहू दे, कोल्हापुरात. माझ्याबरोबर शाळेत येईल, अभ्यास मी घेते, खर्चाचं बघू नका. आई चुलीपासून हलली नव्हती. तिथूनच म्हणाली, "आन् ह्यास्नी उठवायचं कुणी, बाई? म्या दिवसभर रानात. म्हशी हिच्यावरच हायत आता. पुढल्या वर्साला बघू."

वरातीमागून घोडं म्हणतात ते माझंच होतं.

मला पोचवायला ती ओढ्यापर्यंत आली. निघताना म्हणाली, "बाई, माझा आकडा खोडलासा ते बरं झालं. आता म्या न्हाय तर सरासरी बाराच ऱ्हाईल न्हवं?"

टोमणा नव्हता तो. गणित बरोबर आहे का, एवढंच विचारत होती पोर. मी "हो" म्हटलं आणि पाठ फिरवली. मग ओढ्याच्या पलीकडं दगडावर बसून मी हमसून हमसून रडले. मामा लांब उभे राहिले बिचारे.

महिनाअखेरीला मी कागदाच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला, 'नियोजनानुसार पूर्ण'. मुख्याध्यापकांनी सही केली. परीक्षेची प्रवेशपत्रं आली, सगळ्यांनी नेली, तिचं कार्यालयातच पडून राहिलं. ते पुढलं वर्षही काही आलं नाही. मी दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, बाईंना नमस्कार सांगा.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी दहावीचे जादा तास सकाळी नऊलाच घेतले. कोल्हापुरातून साडेसातची गाडी धरायचे. सोबतच्या बाई विचारायच्या, "एवढ्या लवकरची गाडी नवीन सुरू झाली का हो?" मी काहीतरी पुटपुटायचे. नवीन कसली? ती गाडी त्या वर्षीही होती.