कागद संपला की

तुळशीचं लग्न उरकलं की मंठ्याच्या बाजारात दुपारच्या उन्हाला एक कोरडा, तलम वास येतो. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो, आणि दादाच्या दुकानाचं शटर वर केलं की त्या वासात तापलेल्या टोनरचा आणि पत्रिकेच्या जाड, पिवळसर कागदाचा वास मिसळतो. या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसायची. लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं बाकावर बसून मामांची नावं कोणत्या क्रमाने घालायची यावर हमरीतुमरीवर येत, आणि माझा थोरला भाऊ दिगंबर, म्हणजे दादा, मान वर न करता टाइप करत राही. गेल्या मार्गशीर्षात तो याच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला, आणि दुकान बंद पडलं. मी पुण्याहून आलो, कंपनीचं काम इथूनच करू लागलो, आणि कुणी विचारलं की बरा आहे असं सांगू लागलो. ते अगदीच खोटं नव्हतं. मला काहीच होत नव्हतं.

अशाच एका दुपारी दूर देशातल्या एका अनोळखी बाईंचा ई-मेल आला. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरांत बदलून देणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी, इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, दादाने आणि मी मिळून लिहिली होती आणि ती साऱ्यांसाठी मोफत, खुली ठेवली होती. पत्रिका जुळवता जुळवता दादा माझ्याकडून फोनवर प्रोग्रामिंग शिकला. कल्पना त्याची, आणि त्यातलं सगळ्यात किचकट फंक्शन, ओळ बदलून देणारा कोडचा तुकडा, तेही त्याचंच. पुढे वाचनालयांनी, वर्तमानपत्रांनी, आम्ही कधी न पाहिलेल्या माणसांनी ती आपापल्या कामाला जुंपली. त्याच फंक्शनमध्ये बफर ओव्हरफ्लो असल्याचं त्या बाईंनी कळवलं होतं. मजकूर ठेवायला प्रोग्राम मोजकी जागा राखतो, ती बफर; तिच्यात मावेल त्याहून लांब ओळ आली आणि कुणी अडवलं नाही, तर ती शेजारच्या स्मृतीवर चढते, आणि वाईट हेतूचा माणूस तशी ओळ मुद्दाम घडवून दुसऱ्याचा संगणक ताब्यात घेऊ शकतो. ठरावीक मुदतीनंतर त्या ही त्रुटी जाहीर करणार होत्या. त्याआधी ती बुजवणं भाग होतं, आणि बुजवायला आता मी एकटाच होतो.

काम तसं अवघड नव्हतं. पण त्यासाठी ते फंक्शन मोडून नव्याने बांधावं लागणार होतं, आणि कोडमधल्या प्रत्येक ओळीशी ती शेवटची ज्याने लिहिली त्याचं नाव जोडलेलं असतं. दादाच्या ओळींवर माझं नाव चढणार होतं. जुना इतिहास जपलेला राहतो हे खरं, पण तो उकरून पाहायला जातो कोण? चहा घेऊन आलेल्या वहिनींनी काय अडलंय म्हणून विचारलं, तेव्हा मी हे त्यांना जमेल तसं समजावून सांगितलं. पदराने कीबोर्डवरची धूळ पुसत त्या म्हणाल्या, “दुरुस्त करा भावजी, लोकाचं नुकसान नको. पण त्यांचं नाव काढू नका. रेशन कार्डावरनंबी काढलं, आता कुठंच न्हाई राह्यलं.”

मी बघतो म्हणालो. खरं तर काळजात कालवाकालव व्हायला हवी होती. पण दाताच्या डॉक्टरने बधिर केलेल्या हिरडीवरून जीभ फिरावी तसं ते वाक्य माझ्यावरून नुसतं फिरून गेलं. मग कितीतरी दुपारी मी ते फंक्शन उघडून बसे. शटरखालून आत आलेलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीला लागे, शिवारात तूर पिवळी होत चालली असं येणारे-जाणारे सांगत, आणि माझ्याकडून एक अक्षर हलत नसे.

तशातच पहिल्या पुण्यस्मरणाची पत्रिका करायची वेळ आली. ती दादाच्याच संगणकावर, त्याच्या आवडत्या जुन्या फॉन्टमध्ये व्हावी हा वहिनींचा हट्ट होता. त्या बाकावर बसून नावं सांगू लागल्या. आमच्याकडे पत्रिकेत एखाद्याचं नाव राहून गेलं तर तो माणूस पुढची कैक वर्षं दाराची पायरी चढत नाही, म्हणून चुलते, मावसभाऊ, जावई, दुकानातले दोस्त, सगळे एकामागून एक येत गेले. ओळ लांबत लांबत कागदाच्या उजव्या कडेला भिडली, आणि मी काही ठरवण्याआधीच माझी करंगळी एंटरवर पडली.

दादाचीही अशीच पडायची. तो ते फंक्शन लिहीत असताना मी त्याला विचारलं होतं, ओळ जास्तीत जास्त केवढी असेल? आणि तो हसून म्हणाला होता, “अरे, कागद संपला की ओळ संपती. बिलकुल संपती. कागदाच्या भाईर कोण लिवतंय?” पत्रिकेच्या रुंदीला पुरेल एवढीच जागा त्याने राखली होती. ओळ तिच्यात मावते का हे पाहायला त्याने कोडला सांगितलंच नव्हतं, कारण ते पाहणं जन्मभर त्याची नजर आणि करंगळी करत आली होती. त्या बाईंना जे भगदाड सापडलं, तिथे एके काळी दादाचा हात होता.

मी लॅपटॉप ओढला आणि वहिनींना समोर बसवूनच दुरुस्ती लिहिली. आधी मजकूर मोजायचा, मावत नसेल तर थांबायचं, नवी जागा घेऊन मगच पुढे जायचं. त्या तपासणीच्या डोक्यावर, संगणक जी वाचत नाही आणि फक्त माणसंच वाचतात अशी एक टीप मराठीत घातली: कागद संपला की ओळ संपते – दिगंबर. जगातल्या बहुतेकांना ती वाचता येणार नाही, तर न येवो. नव्या कोडची पारख करून त्या बाईंनी भगदाड बुजल्याचं कळवलं, सौजन्याने आभारही मानले. मला ना सुटल्यासारखं वाटलं, ना काही.

मग पत्रिका पुरी करून वहिनींना दाखवली. वर दादाचा फोटो, खाली ठळक अक्षरांत कै. दिगंबर, त्याखाली सारा गोतावळा. वहिनींची नजर मात्र पार तळाशी गेली. तिथे प्रत्येक पत्रिकेवर दादा बारीक टाइपात ‘अक्षरजुळणी : दिगंबर’ असं टाकायचा, मी ती जागा कोरी सोडली होती.

“खाली त्यांचं नाव न्हाई टाकलं?”

“वर आहे ना, वहिनी.”

“वरचं गेलेल्याचं हाय,” त्या म्हणाल्या. “खालचं करणाऱ्याचं असतंय. ते टाका.”

मी ‘अक्षरजुळणी’ टाइप केलं. वर्षभराच्या सवयीने बोटांनी पुढे ‘कै.’ लिहिलं. मी ते पुसलं. मोकळ्या झालेल्या त्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला, आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की मला तोही नीट दिसत नव्हता.