मोठ्या बाईंनी मिळवून दिलेलं वर्ष

लोक भाजीवाल्याशी घासाघीस करतात. आमच्या बालगृहाच्या मोठ्या बाई सरकारी डॉक्टरांशी करत, तीही आमच्या वयावरून. रस्त्यावर सापडलेल्या मुलीचं वय दात बघून ठरतं, बैलाचं ठरतं तसंच. माझे दात बघून डॉक्टर म्हणाले, सोळा. बाई म्हणाल्या, "सोळा कुठली? अजून माझा पदर मुठीत धरून झोपते. पंधरा लिहा." त्यांनी लिहिलं. अठरा पूर्ण झाली की मुलगी बाहेर, असा नियम. म्हणजे मला छप्पर एक वर्ष जास्त मिळालं. जन्मतारीख सरकारनेच दिली, एक जून. आईबापांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

बाजारात सांगितला तो भाव देऊन आलेल्या मुलीला बाई उलट्या पावली परत पाठवत. "बाहेर तुला कोण सूट देणार आहे, महाराणी?" आज मी व्यापाऱ्याकडे द्राक्षखरेदीला आहे; भाव पाडते म्हणून दिंडोरीचे बागायतदार माझ्या नावाने बोटं मोडतात, ती खरं तर बाईंच्या नावाने मोडायला हवीत.

अठरानंतर राहायची उत्तम सोय आहे, असं बालकल्याण खात्याचे साहेब छातीठोकपणे सांगत. होती, मुलांसाठी. मुलींच्या पुनर्वसनाला त्यांच्याकडे स्वस्त उपाय होता, लग्न. माझ्यासाठी स्थळही त्यांनीच आणलं. मुलाने विचारलं, स्वयंपाक येतो का? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "साठ जणींचा येतो. तुम्हाला किती जणांचा येतो?" तो चहा न घेताच उठला. आता हिला ठेवणार कुठे, म्हणून साहेब तडकले. बाई म्हणाल्या, "ते मी बघते. तुम्ही चहा घ्या, एक कप उरलाय."

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांनी खोली शोधली. घरमालकिणीने पालक कोण विचारलं. "मी. रडली तर फोन करा, भांडली तर करू नका." जाताना म्हणाल्या, दिवाळीला येते.

दिवाळीला मी करंज्या करून बसले. बाई आल्याच नाहीत. फोनवर मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुरगाण्याची एक मुलगी अठराची झालीय, अनाथ म्हटलं की लोक दार लावतात, म्हणून त्या तिच्या खोलीसाठी दिवसभर हिंडत होत्या. मग विचारलं, "तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते का?"

मी रागातच म्हणाले, नाही मावत.

"मग तू खाली झोप," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाई गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. मुलींची सोय अजून विचाराधीन आहे. मी अजून खालीच झोपते. खाटेवरची ही चौथी.