नाव मोठ्यानं सांग

आमचा दिवाकरदादा रामकुंडावरचा गुरुजी. श्राद्धाला बसलेल्या माणसाचा रडून रडून आवाज फुटेनासा झाला, तरी गेलेल्याचं नाव दादा त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घ्यायचाच. नाव नीट घेतल्याशिवाय पाणी पोहोचत नाही, हे त्याचं ठरलेलं. मी त्याची धाकटी बहीण. कितीदा भांडले, जरा माणुसकी दाखव म्हणून. ऐकेल तर शपथ!

दोन वर्षांपूर्वी त्याला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, तो गेला. डॉक्टर म्हणाले, नवी आठवण तिथंच धरली जाते. जुनं बरंचसं शाबूत, कारण ते इतरत्र केव्हाच मुरलंय. तोंडातले मंत्र, पिंड वळणारी बोटं, त्या सवयींच्याही जागा वेगळ्या. सकाळचं मात्र दुपारी साफ पुसलेलं.

गेल्या वर्षी त्याचा एकुलता एक विश्वेश देवळालीच्या रस्त्यावर अपघातात गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं पोराचं. दादाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. सांगितलं तरी विसरणार, आणि उद्या पुन्हा नव्यानं ऐकणार. रोज दिवेलागणीला तो विचारायचा, विश्वेश कुठाय? सुधावहिनी म्हणायची, देवळाली कॅम्पात गेलाय, येईल.

वर्षश्राद्ध आलं तशी वहिनी हटून बसली. विधी पुतण्या अथर्वनं करायचा, पण सांगायचा दादानं. दूरच्या नातेवाइकाचं श्राद्ध आहे म्हणायचं, आणि नावाच्या जागी अथर्वनं पुटपुटायचं. मी चांगलंच सुनावलं, हा खेळ अंगाशी येईल.

"यांच्या तोंडचे मंत्र तरी लाभू देत माझ्या लेकराला," ती म्हणाली. मग मीच तीळ-दर्भ पिशवीत भरले.

घाटावर दादा बसला आणि मंत्र धारेसारखे सुरू झाले. नावापाशी थांबला. अथर्व पुटपुटला.

"नाव मोठ्यानं सांग," दादा डाफरला. "पाणी पोहोचायला हवं ना?"

अथर्वनं मान खाली घातली. खोटं नाव सांगता आलं असतं, पण मग पाणी भलत्यालाच गेलं असतं. ते वहिनीला सोसवेना.

"विश्वेश," ती मागून म्हणाली. "आपला विश्वेश."

दादानं तिच्याकडे पाहिलं. अथर्वला उठवून स्वतः पाटावर बसला, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि मुलाचं नाव खणखणीत घेऊन तीळपाणी सोडलं. डोळ्यांना धार लागली होती, पण एक अक्षर चुकलं नाही.

घरी परतताना त्यानं मला विचारलं, आज कुणाचं होतं गं? दूरच्यांचं, मी म्हटलं.

दिवेलागणीला वहिनी उत्तर तयार ठेवून बसली. दादानं दाराकडे पाहिलं, पण विश्वेश कुठाय हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, भीती आणि दुःख धरणारी मेंदूतली बदामाएवढी गाठ वेगळी असते, त्यांची ती शाबूत आहे. प्रसंग पुसला तरी लागलेलं राहतं.

परवा वहिनीलाच राहवेना. तिनं विचारलं, विश्वेशची आठवण येत नाही का हो?

दादानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ते नाव घेऊ नकोस," तो म्हणाला. "का, ते मला माहीत नाही. पण नको घेऊस."