भांडणात न हललेला टोप

दुष्काळाच्या त्या साली लातुरात नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांकडे माझं वर्षभर जाणं-येणं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. केमोने माझे केस गेले होते, पुढचा डोस नांदेडला होता. "उद्या नांदेडला जायचंय, टोप आजच हवा," एवढंच मी पहिल्या दिवशी म्हटलं. त्यांनीही काही विचारलं नाही.

"राणीचा नको, मास्तरीणबाईचा देतो," म्हणत त्यांनी खांद्यापर्यंतचे केस माझ्या डोक्यावर बसवले. "धुवायला पंधरा दिवसाला एक तांब्या पाणी बास. पिळायचा न्हाई, उन्हात टाकायचा न्हाई. आता माझ्यासंगं भांडा."

"का?"

"भांडणात हलला न्हाई, तोच खरा टोप. टँकरवरून भांडा की."

सकाळीच टँकर आमची गल्ली सोडून गेला होता. मी हळू सुरुवात केली, मग आवाज चढतच गेला. ते हात जोडून "चुकलं ताई, चुकलं" म्हणत होते, पण डोळे माझ्या भांगावर. दारात बाया जमल्या. टोप जागचा हलला नाही.

एक बाई आत आली. "ताई, उद्या आमच्या टँकरवाल्याला असंच झापायला या."

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "उद्या न्हाई. ताईला नांदेडला लगीन हाय."

"मग परवा?"

"लगनाची दगदग लई ऱ्हाती, बाई. त्यांना आठ दिवस पडू द्या."

नवव्या दिवशी मी त्या बाईच्या गल्लीत टँकरवाल्याला झापायला गेले.