टिनापलीकडचे देविदासभाऊ

देविदासभाऊंच्या जीपला ट्रकनं चिरडलं, हे आम्हाला ज्यानं कळवलं त्याचा पाय माझ्या नवऱ्यानं मोडलेला आहे. पारस त्याचं नाव. कारंज्याच्या जैन किराणा दुकानदाराचा मुलगा. माझा नंबर त्याच्याकडे कसा होता ते मला आजवर कळलं नाही. सकाळची वेळ होती, मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. फोनवर आधी नुसता गलका ऐकू आला, मग तो म्हणाला, "वहिनी, मी पारस. शेलूबाजारच्या फाट्यावर या. विलासले घेऊन या. देविदासभाऊ..." पुढचं त्याला बोलता आलं नाही.

देविदासभाऊ माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विलासचे, मोठे भाऊ. लग्न त्यांनी केलं नाही. शेलूबाजार ते कारंजा अशी काळीपिवळी जीप चालवायचे, आणि जीपच्या पलीकडे त्यांना एकच नाद होता, फुटबॉल. आमच्या आसेगावाकडच्या भागात कबड्डी सगळीकडे आहे, क्रिकेट आहे. आमच्याच गावाला हे फुटबॉलचं वेड कुठून लागलं कोण जाणे. विलास टीमचा स्टॉपर होता, गोलाआधीचा मधला राखणदार. देविदासभाऊ स्वतः कधी खेळले नाहीत, पण टीम मॅचला जायची ती त्यांच्याच जीपमध्ये, अर्धी आत आणि अर्धी टपावर. संध्याकाळी जीप आमच्या अंगणात लागली की तिच्याभोवती दहाबारा जण जमायचे आणि झालेल्या मॅचची चिरफाड सुरू व्हायची. भाऊ बोनेटवर मांडी घालून बसत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घरात रोज भांडण होतं.

धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत ते काटेकोर पाळत. मी समोर उभी असले तरी निरोप सासूबाईंमार्फत यायचा. "आई, तिले सांग, मले भाकर एकच टाक." सासूबाई माझ्याकडे बघायच्या, मी भाकर टाकायचे. फुटबॉलही मला असाच कळला. ते सासूबाईंना समजावून सांगत आणि सासूबाई डुलक्या घेत. "आई, हे कारंजावाले पाह्य, त्याइचा नऊ नंबरवाला गोलाकडं जातच नाई. मागं सरकते. मंग आपला विलास त्याच्या मांगं जाते. आन मधात सारं वावर रिकामं. दोन्ही बाजूचे पोट्टे त्या वावरात घुसतेत." मी चुलीजवळ बसून ते रिकामं वावर डोळ्यांपुढे आणायचे. तो नऊ नंबरवाला म्हणजे पारस.

आमच्या अंगणात मात्र या खेळाला कोणी डाव म्हणत नव्हतं. पळपुटेपणा म्हणत. कारंज्याची पोरं ठुकठुक करतात, अंगाला अंग लागलं की पडतात, रेफ्रीला फितवतात, वेळ काढतात... त्यातलं थोडं खरंही होतं. भाऊ ऐकून घेत आणि म्हणत, "पडतेत, मान्य. पण पडाच्या आधी तुमच्या तिघाइले मामा बनवतेत, त्याचं काय?" मग पुन्हा आरडाओरडा.

पारसचा पाय मोडला ती मॅच बऱ्याच वर्षांपूर्वी शेलूबाजारच्या मैदानावर होती, तुरी निघाल्यानंतर. फायनल. मीही गेले होते. बायकांसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली लावली होती, तिच्यावर लेकीला मांडीत घेऊन बसले होते. कारंज्यानं पहिला गोल केला तो अगदी भाऊ सांगायचे तसाच. पारस मागे सरकला, विलास त्याच्यामागे गेला, मधली जागा उघडी पडली. आमच्या बाजूनं शिव्या सुरू झाल्या, त्यांच्या बाजूनं हलगी. थोड्या वेळानं पारस पुन्हा मागे आला, बॉल त्यानं केव्हाच पुढे ढकलला होता, आणि विलास दोन्ही पाय पुढे करून त्याच्यावर गेला. बॉल तिथं नव्हता. ट्रॉलीपर्यंत आवाज आला, वाळलेली कपाशीची पऱ्हाटी गुडघ्यावर घेऊन मोडावी तसा. पारसचा पाय नडगीच्या मधोमध वाकला होता, जिथं माणसाच्या पायाला सांधाच नसतो तिथं.

नंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. रेफ्री पळाला. झेंड्याचे बांबू निघाले. जवळ कोणाचं तरी बांधकाम चालू होतं, तिथल्या विटा दोन्हीकडून उडू लागल्या. माझ्या शेजारच्या बाईच्या कपाळावर विटेचा अद्धा बसला आणि तिचं रक्त माझ्या लेकीच्या फ्रॉकवर सांडलं. मी लेकीला पोटाशी धरून ट्रॉलीत आडवी झाले. तेवढ्यात हॉर्न ऐकू आला, सारखा, न थांबता. मान वर केली तर देविदासभाऊंनी जीप मैदानात घातली होती. त्यांनी आणि कारंज्याच्या दोघांनी मिळून पारसला मागच्या सीटवर टाकलं. आमच्याच गावची पोरं आडवी आली. "दुश्मनाले नेऊन राह्यले काय?" म्हणत एकानं समोरच्या काचेवर दगड घातला. काच भाऊंच्या तोंडावर आली. ते थांबले नाहीत. तसेच अकोल्यापर्यंत गेले, फुटक्या काचेतून वारा खात, चेहऱ्यावर रक्त वाळलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगण भरलं. कोणाच्या डोक्याला पट्टी, कोणाचा हात गळ्यात. बंडूभाऊ म्हणून टीम चालवणारे एक गृहस्थ होते, खताचं दुकान होतं त्यांचं, ते मधोमध खुर्चीवर. स्पर्धेच्या कमिटीपुढे सगळ्यांनी एकच सांगायचं असं ते समजावत होते. पारस स्वतःच धडपडला, त्याचा पाय खड्ड्यात गेला, विलास बॉलवर होता. सगळे माना हलवत होते. विलास ओट्यावर खाली बघत बसला होता. मी आत चहा ठेवला होता. बोनेटवरून भाऊ म्हणाले, "खड्डा कुठी होता?"

बंडूभाऊ पुढं सांगतच राहिले. भाऊ म्हणाले, "बंडूभाऊ, काल जाताना तुमी माया बाजूलेच बसले होते. नऊ नंबरवाल्याले पह्यल्या दहा मिनिटांत बाहेर काढा, हे तुमी म्हटलं. मी गेअर टाकून राह्यलो होतो, पण माये कान बंद नव्हते. आपून हरणार, हे ठाऊक होतं, म्हणून मारलं. डाव त्याइच्यापाशी होता, आपल्यापाशी टामी होती."

"कमिटीवाले तुमच्या भावाले बाहेर बसवतीन, समजते का?" बंडूभाऊ म्हणाले.

"बसवू द्या. त्या पोराचा पाय मोडला."

जीपच्या पुढच्या चाकाशी खरोखरीची टामी पडली होती, चाकाचे नट खोलायची. विलासनं ती केव्हा उचलली ते मी पाहिलं नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा भाऊंनी हातावर घेतला. ते बोनेटवरून खाली आले तसे बाकीचेही तुटून पडले. कालपर्यंत ज्यांना त्यांनी फुकट मॅचला नेलं ते त्यांना लाथा घालत होते. सासूबाई भाऊंच्या अंगावर आडव्या पडल्या, तर त्यांच्या कमरेतही लाथ बसली. मी चुलीवरचं पातेलं उचललं आणि उकळता चहा त्या घोळक्यावर फेकला. दोघे-तिघे भाजले. सगळ्यात जास्त विलास भाजला. त्याच्या मानेवर तो डाग अजून आहे. घोळका पांगला. अंगणात चहाचा चोथा आणि रक्त, आणि मधे भाऊ कुशीवर पडलेले, हात नको त्या दिशेला वळलेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. भाऊ म्हणाले, जॅक सटकला, जीप अंगावर आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर गेल्यावर माझा तोल सुटला. रीतभात विसरून मी विचारलं, "मॅचबद्दल खरं सांगून मार खाल्ला. मग आता खोटं कायले बोलता?" सासूबाई तिथं नव्हत्या. भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं... आणि मग पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "ते मॅच सगळ्याइची होती, बाई. हे घरचं हाये."

प्लास्टर घातलेल्या हातानं ते कमिटीपुढे गेले आणि बोनेटवर बसून सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. टीमला त्या साली बाहेर काढलं, विलासला त्याहून जास्त काळ. तो नंतर कधी खेळलाच नाही. अंगणात त्यानं मधोमध टिनाचे पत्रे ठोकले. पलीकडे भाऊ आणि जीप, अलीकडे आम्ही. सासूबाई सकाळी इकडे जेवायच्या, संध्याकाळी तिकडे. भावाशी तो एक शब्द बोलत नव्हता. मी पत्र्याच्या फटीतून भाजी सरकवायचे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं कधी अडवलं नाही.

कारंजावाल्यांनी भाऊंचा सत्कार करायचं ठरवलं होतं. भाऊंनी साफ नाही म्हटलं. "मी तुमचा नाई," म्हणाले. मॅचला जात राहिले, पण दोन्ही बाजू सोडून गोलाच्या मागे एकटे उभे राहायचे आणि तिथून आमच्याच टीमसाठी घसा फोडायचे. पारसच्या पायात रॉड बसला. तो लंगडत चालतो, दुकान सांभाळतो. माल आणायला तो भाऊंच्याच जीपनं ये-जा करू लागला, आणि मला सांगणारे सांगत की दोघं सगळ्या वाटेनं भांडत असतात. पारस म्हणायचा, आम्ही तीन गोलांनी जिंकलो असतो. भाऊ म्हणायचे, "काहीच्या काही. दुसऱ्या हाफमधी आमी तुमाले दाबलं असतं." ज्याला रक्तबंबाळ होऊन दवाखान्यात नेलं त्यालाही त्यांनी ती मॅच सोडून दिली नाही.

संध्याकाळची बैठक काही दिवसांनी पुन्हा भरू लागली, पत्र्याच्या या बाजूला. पोरं तावातावानं सांगत, त्यांचा गोल ऑफसाइड होता, आणि मग पलीकडून, खाटेवर पडल्या पडल्या, भाऊंचा आवाज यायचा, "नव्हता." सुरुवातीला सगळे विषय बदलत. मग एखादा चिडून उत्तर द्यायचा. पुढे-पुढे पत्र्याला तोंड करूनच वाद चालायचा. विलास तेवढा उठून आत जायचा.

त्या दिवशी फाट्यावर आम्ही पोचलो तेव्हा जीप ओळखू येत नव्हती. ओव्हरटेक करणारा ट्रक समोरून अंगावर आला होता. नशीब एवढंच की सवारी अजून बसायची होती. पारस फाट्यावर त्याच जीपची वाट बघत उभा होता, त्याच्या डोळ्यांदेखत झालं. भाऊंना पत्रा कापून काढावं लागलं. ते मी पाहिलं आहे, लिहिणार नाही. गर्दीनं ट्रकच्या ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढलं होतं. वाळका माणूस, तोंडातून रक्त, एक डोळा मिटलेला. विलासला पाहून कोणीतरी ओरडलं, "भाऊ हाये त्याचा. बाजू द्या, त्याले मारू द्या." गर्दीनं वाट करून दिली. कोणी त्याच्या हातात काठी दिली. ड्रायव्हरनं हात जोडले नाहीत, तो नुसता खाली बसला. विलासनं काठी उचलली तेव्हा त्याच्या तोंडावर तेच भाव होते, जे मी त्या संध्याकाळी अंगणात पाहिले होते, आणि माझ्या हातात या वेळी काही नव्हतं.

पारस लंगडत मधे आला. ड्रायव्हरपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "विलास, माया एका पायात रॉड हाये. मारायचंच असन तर दुसऱ्यावर मार." इतक्या वर्षांत ते दोघे एकमेकांसमोर आले नव्हते. विलास वळला आणि ट्रकच्या बोनेटवर काठी हाणत सुटला, ती तुटेपर्यंत, नंतर नुसत्या मुठींनी. बोटांची सालं निघाली. पारसनं मागून त्याला कवेत धरलं आणि दोघं तिथंच रस्त्यावर बसले. ड्रायव्हरला पोलिसांनी उचललं. तो जगला.

तेरवीला गाव जेवलं. संध्याकाळी जुनी मंडळी अंगणात बसली. बंडूभाऊ आता म्हातारे झालेत, तेही आले होते. पारसही होता, मागे, भिंतीला टेकून. बंडूभाऊंनी भाऊंबद्दल दोन शब्द काढले. माणूस दिलदार, गावाच्या उपयोगी पडणारा. आणि शेवटी म्हणाले, "तेवढा एक डाव चुकला बिचारा. गावाविरुद्ध खोटं बोलला. जाऊ द्या, मेलेल्या माणसाचं काय काढता."

विलास उठला. दोघा-तिघांनी त्याचे हात धरायची तयारी केली. तो म्हणाला, "खोटं नाई बोलला. तुमी जीपमधी सांगतलं आन मी मारलं. बॉल तिथं नव्हता, मले दिसत होतं." मग पारसकडे न बघता म्हणाला, "आन दादाचा हात जॅकनं नाई मोडला." बंडूभाऊ काठी टेकत उठले आणि निघून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही. पारस भिंतीला टेकूनच म्हणाला, "तरी तीन गोल झाले असते."

टिनं अजून आहेत. काढायची का, असं मी विचारलं तर विलास म्हणाला, राहू दे. मोसम सुरू झाला आहे, बैठक रोज भरते. कोणीतरी जोरात म्हणतं, तो ऑफसाइड होता, आणि सगळे थांबतात, पोरंसोरंसुद्धा, पत्र्याकडे बघत. पलीकडे काहीच नसतं, मोकळी खाट असते. परवा असंच झालं... सगळे थांबले. मग विलास, जो इतकी वर्षं अशा वेळी उठून आत जायचा, बसल्या जागेवरून हलक्या आवाजात म्हणाला, "नव्हता."