ठमाबाईचा एकच मुलगा

कापडे गावच्या ठमाबाईला मुलं किती, असं कुणी विचारलं तर ती "एक" म्हणायची. गावच्या दफ्तरात मात्र दोन होती. पहिला मुरारी तिसऱ्या वर्षी तापानं गेला. त्याला पुरायला नेण्याआधी तिनं तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि त्याच्या उजव्या कानामागं टेकवली. परत आला की ओळखता यावा म्हणून. वर्षाच्या आत दुसरा झाला. त्याच्या कानामागं काळा डाग होता. झालं, नाव पुन्हा मुरारीच. मधल्या महिन्यांचा विषय निघालाच तर म्हणायची, "जरा भायेर गेलता."

नवरा येसाजी मुंबईच्या गोदीत, शिमग्यापुरता घरी. भाताची दोन खाचरं आणि एक म्हैस ती एकटी ओढायची. उंच, हाडकुळी, बोलायला तिरकस. पहिल्या भेटीत महाडच्या आमच्या ओटीवर तांदळाचं गाठोडं टेकवून मला म्हणाली, "वकिलीनबाय, तुमी कालेजात गेलाव म्हनं. मंग ही वांगी चिरायला तितं शिकवलं का हितं?" मला हसू आलं, आणि मुरारी आमच्या पडवीत राहून महाडच्या शाळेत जाऊ लागला. इंग्रजी मी घ्यायची. गणितात तोच मला समजावून द्यायचा.

१९३५ साली तो मॅट्रिकला शाळेत पहिला आला. मुंबईच्या एका सायन्स कॉलेजात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी दोन जागा होत्या. फी माफ, राहणं-जेवण फुकट. त्यांतली एक मिळाली तर कॉलेज, नाहीतर बापाबरोबर गोदी. अर्ज भरायला बसलो तेव्हा अट वाचली: वय अठराच्या आत. मुरारी सतरा वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर एकवीस.

चूक कुठं झाली ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गावच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, पोर कधी जन्मलं? ठमाबाईनं पहिल्याच्या जन्माचं साल सांगितलं. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी मुलगा एकच.

आमच्या यजमानांनी, म्हणजे वकिलांनी, उपाय सांगितला. गावच्या दफ्तरातून पहिल्याच्या मृत्यूचा उतारा काढायचा, आणि तो मुलगा वेगळा, हा वेगळा, असं आईनं कचेरीत शपथेवर सांगायचं. येसाजी दोन्ही वेळा मुंबईत होता, त्याच्या शपथेला अर्थ नव्हता.

ठमाबाईनं ऐकून घेतलं आणि उठून पदर झटकला. "ते मी नाय बोलायची. आज मेला म्हनलं तर हा कोन?"

"आई गो, मी हाय ना हितं," मुरारी पायरीवरून म्हणाला.

"तू गप रे. तुला काय ठावं, तू कवा आलास."

चार दिवसांनी ती परत आली. मुरारी बाजारात गेला होता. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "मी बोलले, तर ह्याचं काम व्हईल?"

मी मनात ताळा केला. गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी. इंग्रजी स्वच्छ. शाळेत पहिला. घरची स्थिती अर्जात शोभेल अशीच. हेडमास्तरांचं शिफारसपत्र मी स्वतः वाचलेलं. यजमान आतून म्हणाले होते, "निम्मी आशा धर." मला ते त्यांचं नेहमीचं वकिली बोलणं वाटलं.

"बहुतेक होईल," मी म्हटलं.

"बहुतेक म्हंजी?"

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला हो हवं होतं किंवा नाही. मधलं काही घेऊन कचेरीची पायरी चढता येणार नव्हती तिला.

"म्हणजे होईल," मी म्हटलं.

कचेरीत मी सोबत गेले. कारकुनानं उतारा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "दोघांचं नाव एकच? कापड्यात नावांचा तोटा होता का?" ती खाली फरशीकडे बघत होती. "थोरला मुलगा कुठं आहे, बाई?" ती गप्प. "तोंडानं सांगावं लागेल. बाहेरगावी आहे का?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो शब्द ऐकून तिनं एकदम वर पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "मेला."

मग अंगठा उठवला. बाहेर आल्यावर माझ्याशी न बोलता ती सावित्रीच्या घाटाकडे चालू लागली. मी मागोमाग. पाण्यात उतरून तिनं नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून बुडी घेतली, मयताहून आल्यावर घेतात तशी. ओल्यानंच दहा दिवसांचं सुतक धरायला कापड्याला निघाली. पोर गेलं त्याला अठरा वर्षं झाली होती.

उत्तर आषाढात आलं. इंग्रजीत तीन ओळी. दोन्ही जागा भरल्या होत्या. वयाचा कागद त्यांनी मान्य केला होता, तसं लिहिलंही होतं. गुणांत मुरारी अकरावा बसला. रत्नागिरीपासून खानदेशापर्यंतची मुलं त्या दोन जागांसाठी आली असणार, हे मला शिकलेल्या बाईला सुचायला हवं होतं. मी महाडच्या शाळेपलीकडे पाहिलंच नव्हतं.

ठमाबाई चिखल तुडवत आली, इरलं भिंतीला लावलं. मी पत्राचा अर्थ सांगितला. माझं चुकलं, हेही सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"वकिलांना इचारा," ती म्हणाली. "आता काम झालं नाय, तर त्या कागदावरचं माझं बोलनं खोडता येल का?"

मी आत जाऊन विचारलं. यजमानांनी मान हलवली. शपथेवर दिलेलं, नोंदलं गेलेलं.

बाहेर येऊन मी तसं सांगितलं. तिनं इरलं उचललं. मुरारी तिला पोचवायला उठला तर म्हणाली, "तू ऱ्हा. पुस्तकं बांध. बापाला कळवते."

गोदीत लागल्यावर तो पुढच्या शिमग्याला घरी आला, तेव्हा मी कापड्याला गेले होते. ठमाबाई त्याला वाढत होती. भाकरी हवी का, पाणी देऊ का, सगळं विचारत होती, पण "पोरा" म्हणून. मी संध्याकाळपर्यंत होते. तिच्या तोंडून मुरारी हे नाव एकदाही आलं नाही.